नखाएवढं पातं

आमचं पडद्यांचं दुकान आहे. नवा माल आला की खोकी उघडायचं काम माझं, आणि त्या कामावर माझा भारी जीव. नवे रंग सगळ्यांच्या आधी मला दिसायचे. पण या हंगामात माझ्या हातून तीन पडदे कापले गेले आणि तिसऱ्याला सासूबाईंचा धीर सुटला. यापुढे खोकी माझा नवरा उघडेल आणि मी गल्ल्यावर बसेन, असं त्यांनी जेवताना जाहीर केलं. दिवसभर गल्ल्यावर बसणं म्हणजे मला जन्मठेपच.

"उजव्या हाताने काप म्हणून किती वेळा सांगितलं तुला," त्या म्हणाल्या.

मी डावखुरी. सासूबाईंना हे लग्न झाल्यापासून खटकतंय. नवऱ्याच्या तोंडात नेमका तेव्हाच मोठा घास होता, त्यामुळे त्याच्याकडून मदतीची आशा नव्हती. मग मीच हट्टाला पेटले. येणारा माल मीच उघडणार आणि एका पडद्याला जरी चीर पडली तर आपणहून गल्ल्यावर बसणार, असं सांगून मोकळी झाले. पण पडदे का कापले जातात हे मलाही ठाऊक नव्हतं. मी कटरचं पातं नखाएवढंच बाहेर काढायचे, जपून चालवायचे, तरी घात व्हायचा. सगळे मला धांदरट म्हणायचे आणि मीही ते मनोमन कबूल करून बसले होते.

दुसऱ्या दिवशी एक रिकामं खोकं घेतलं, त्यात जुनी चादर काठोकाठ कोंबली आणि चिकटपट्टीचं रीळ घेऊन हार्डवेअरच्या दुकानात गेले. सुरी हातात धरून बघितल्याशिवाय घेणार नाही, असं दुकानदाराला आधीच सांगितलं. त्याने आपली सगळ्यात लाडकी सुरी पुढे केली. लांब, चकचकीत, आमच्या घरच्या कटरची श्रीमंत बहीण. मी खोक्यावरची पट्टी कापली आणि खालची चादरही कापली गेली.

"ताई, जरा हलक्या हाताने," असं म्हणत त्याने पुन्हा पट्टी लावली आणि त्याच सुरीने स्वतः कापून दाखवलं. चादरीला साधा ओरखडा नाही. मी पुन्हा कापलं, पुन्हा चीर. आता मात्र मी सुरीकडे नीट बघितलं. नखाएवढं ठेवलेलं पातं चांगलं बोटभर बाहेर आलं होतं.

पातं सरकवायचं बटण एका बाजूला होतं, उजव्या हाताच्या अंगठ्याला सहज सापडेल असं. दुकानदाराने पातं बेताचं बाहेर काढून अंगठा उचलला की ते जागच्या जागी पक्कं. माझ्या डाव्या हातात मात्र तेच बटण बोटांखाली येत होतं. मूठ आवळली की ते दबायचं आणि पातं सुटून पुढे सरकायचं. घरच्या कटरचं बटणही अगदी तिथेच होतं.

"दादा, माझ्या हातात काही खोट नाही," मी म्हणाले.

त्याला बिचाऱ्याला काहीच कळलं नाही. मला मात्र भर दुकानात रडू आलं. इतकी वर्षं उगाच खाली मान घालून ऐकून घेतलं, याचा राग आला आणि आनंद तर त्याहून जास्त झाला.

मग मी सुरी निवडायला बसले, आणि अशी बसले की दुकानदाराने दुसरी गिऱ्हाइकं आधी उरकून घेतली. एकीच्या मुठीला खाचा होत्या, त्याही उजव्या हातासाठी. एकीचं पातं जाड पुठ्ठ्यात वाकलं. एक इतकी गुळगुळीत की घामट हातातून निसटेल. शेवटी त्याने खालच्या खणातून एक बुटकी सुरी काढली. मूठ दोन्ही बाजूंनी सारखी, बटण नाहीच, पातं नखाएवढं आणि घट्ट बसवलेलं. हिला कोणी विचारत नाही, असं तो म्हणाला. मी चारही बाजूंनी खोकं कापलं. चादर तशीच राहिली. हीच माझी सुरी.

माल आला तो नेमका पांढऱ्या पडद्यांचा, खोकी गच्च भरलेली, वर कागदाचा तुकडासुद्धा नाही. सासूबाई हाताची घडी घालून उभ्या राहिल्या. नवरा जुना कटर खिशात ठेवून तयारच होता. मी पहिल्या खोक्याची पट्टी एका दमात कापली. सासूबाईंनी वरचा पडदा उलगडून उजेडात धरला, मग खालचा. दोन्ही धड. दुसरं खोकं, तिसरं, सगळं धड. मी चेहरा गंभीर ठेवला होता, पण आतून नुसती नाचत होते.

दोन खोकी उरली तेव्हा सासूबाई पुढे आल्या आणि सुरी बघायला मागितली. ती हातात घेऊन त्यांनी खोकं पुढे ओढलं आणि पट्टी कापली, झरझर, सरळ रेषेत, कोपऱ्यावर न थांबता.

"आई, डाव्या हाताने?" नवरा म्हणाला.

सासूबाईंनी हाताकडे असं बघितलं, जणू तो दुसऱ्या कुणाचा होता. "लहानपणी मी सगळं याच हाताने करायचे," त्या हळूच म्हणाल्या. "मग घरच्यांनी सवय मोडली माझी. विसरूनच गेले होते गं मी."

मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. त्यांनी तो राहू दिला, डोळे पुसले आणि मुलाकडे वळल्या.

"तू जा, गल्ल्यावर बस," त्या म्हणाल्या. मग मला म्हणाल्या, "आणि तू जाऊन अशीच आणखी एक सुरी आण. तोवर ही माझ्याकडे."

आणि शेवटचं खोकं त्यांनी स्वतःकडे ओढलं.