वजन वाढलेलं पाकीट

“मामा, यात दगड आहे.”

प्रयोगशाळेच्या खिडकीतल्या बाईंनी पाकीट अंगठ्याने दाबलं, उलटं केलं, पुन्हा दाबलं आणि जाळीखालच्या फटीतून अर्धं बाहेर सरकवलं.

“पत्रात काय लिहिलंय? ‘पांढऱ्या रंगाची बारीक पावडर.’ आणि हे काय आहे? उद्या मलाच विचारतील, बाई, पावडर म्हणून दगड कसा घेतलात?”

“अहो, सील बघा ना. चारही शाबूत आहेत. ठाण्यात बांधलं तसंच आणलंय.”

“सीलबद्दल मी काही बोलले का? सील झकास आहे. वजन बघा.” बाईंनी पाकीट काट्यावर ठेवलं. “पत्रात आवेष्टनासह एकशे बारा ग्रॅम. काटा काय म्हणतोय?”

काटा एकशे चौतीस म्हणत होता.

“उंदरांनी खाल्ला म्हणून कमी झालेला मुद्देमाल मी पाहिलाय,” बाई म्हणाल्या. “बसल्या जागी वाढलेला हा पहिलाच.”

मागे रांगेत उभे असलेले दोन शिपाई फिसकन हसले. पाकीटमामांना हसू आलं नाही. त्यांनी घड्याळात पाहिलं. सव्वाअकरा. तीन वाजता कोर्टात तारीख होती आणि या पाकिटाची पावती त्याआधी हातात पडायला हवी होती.

सव्वीस वर्षं ते हेच काम करत होते. ठाण्यात सील केलेला नमुना घ्यायचा, बसने प्रयोगशाळेत न्यायचा, खिडकीत द्यायचा, पावती आणायची. कधी रक्ताचे कपडे, कधी चाकू, कधी बरणी. सुरुवातीला कोणीतरी त्यांना गमतीने पाकीटमार म्हणालं होतं. केस पांढरे झाले तसे त्याचे पाकीटमामा झाले. खरं नाव हजेरीपटापुरतं उरलं. बसमध्ये कितीही गर्दी असो, नमुना मांडीवरच. उन्हाच्या बाजूला बसायचं नाही, लाख मऊ पडते. सव्वीस वर्षांत त्यांच्या हातून एक सील फुटलं नव्हतं, आणि एवढं एकच सांगण्यासारखं आपल्याकडे आहे हे त्यांना ठाऊक होतं.

या पाकिटाची मात्र ही चौथी खेप होती. पहिल्या खेपेला पत्रावर साहेबांची सही होती, खाली हुद्दा नव्हता. दुसऱ्या खेपेला हुद्दा होता, पण मधल्या काळात नवी संगणकप्रणाली आली होती आणि कोपऱ्यात तिचा क्रमांक नव्हता. तो क्रमांक मिळवायला दोन महिने गेले, कारण पासवर्ड बदली होऊन गेलेल्या दुसऱ्या एका साहेबांच्या नावावर होता आणि ते फोन उचलत नव्हते. तिसऱ्या खेपेला सही, हुद्दा, क्रमांक सगळं होतं. यंत्र बंद होतं. “निदान ठेवून तरी घ्या,” मामा म्हणाले होते. “जागा कुठंय?” बाईंनी मागच्या भिंतीला लागलेल्या खोक्यांकडे हात केला होता. ती खोकी खरोखरच छताला टेकली होती.

प्रत्येक वेळी पाकीट ठाण्यातल्या मुद्देमालाच्या खोलीत परत जायचं. त्या खोलीवर पाण्याची टाकी होती. टाकी गळायची आणि भिंत बारा महिने घामेजलेली असायची.

ज्याच्यासाठी हे सगळं चाललं होतं तो फरशी बसवणारा मिस्त्री होता. सात महिन्यांपूर्वी कामावरून येताना त्याची दुचाकी तपासणीला थांबवली गेली. पिशवीत थापी, दोरा, पाणसळ आणि प्लॅस्टिकमध्ये पांढरी पावडर. साहेबांकडे नुकतंच अमली पदार्थ ओळखायचं नवं किट आलं होतं. चिमूटभर पावडर नळीत टाकायची, हलवायची. निळी झाली तर माणूस उचलायचा. नळी निळी झाली. “साहेब, पांढरं सिमेंट आहे. फरशीच्या फटी भरायचं,” मिस्त्री सांगत राहिला. “सगळे असंच कायतरी सांगतात,” साहेब म्हणाले. किटच्या खोक्यावर अगदी बारीक अक्षरांत लिहिलं होतं, की हा रंग म्हणजे केवळ प्राथमिक अंदाज, खात्री प्रयोगशाळेतच करावी. ते खोकं मामांनी नंतर कचऱ्याच्या डब्यातून काढून वाचलं होतं. अशा गुन्ह्यात अहवालाशिवाय जामीन होत नाही. आणि अहवाल या खिडकीच्या पलीकडे होता.

मागच्या तारखेला न्यायाधीशांनी बजावलं होतं: पुढच्या वेळी अहवाल नाही तर नाही, नमुना जमा झाल्याची पावती तरी दाखवा.

मामांनी पाकीट उचललं आणि बाहेर पायरीवर येऊन साहेबांना फोन लावला.

“काय म्हणतीये ती बाई?”

“पावडर लिहिलंय आणि आत दगड झालाय म्हणते, साहेब.”

“मग करा ना पावडर.”

“म्हणजे?”

“अहो मामा, कापडावरून चार ठोके घाला. सीलला धक्का न लावता. सव्वीस वर्षं काय गोट्या खेळलात का? वर्णन जुळलं की विषय संपला.”

“आणि वजन?”

“ते ‘काट्यातील फरक’ म्हणून मी पत्र देतो. तुम्ही आधी ठोका.” फोन बंद झाला.

मामा पायरीवर बसले. पायरीशेजारी बागेच्या कडेला लावलेला विटेचा तुकडा निखळून पडला होता. त्यांनी तो उचललाही. पाकीट पायरीवर ठेवलं, सील बाजूला वळवलं. दोन ठोक्यांचं काम होतं. आत जाऊन द्यायचं, पावती घ्यायची, तीन वाजता कोर्टात दाखवायची. पुढे नमुना त्या छताला टेकलेल्या खोक्यांत जायचा. चार महिने, पाच महिने. मग यंत्र सांगणार होतं, की हे सिमेंट आहे.

ते तर मामांना आत्ताच माहीत होतं.

घरी दोन वर्षांपूर्वी मोरीच्या फरश्या बदलल्या तेव्हा उरलेलं पांढरं सिमेंट जिन्याखाली राहून गेलं होतं. पावसाळ्यानंतर पाहिलं तर पिशवीच्याच आकाराचा गोळा झालेला. बायकोने तो टाकला नाही, स्वयंपाकघराचं दार वाऱ्याने आपटतं म्हणून दाराला लावला. अजून लावते. पहिल्या खेपेला हे पाकीट हाताला पिठासारखं लागलं होतं. दुसऱ्या खेपेला रव्यासारखं. तिसऱ्या खेपेला कडा टणक झालेल्या. मामांच्या अंगठ्याला ते सगळं कळत आलं होतं. फक्त अंगठ्याला विचारणारं कोणी नव्हतं. जी तपासणी सात महिने कोणी केली नाही, ती गळक्या टाकीने करून ठेवली होती. आणि साहेब म्हणत होते, ती ठोकून काढा.

त्यांनी विटेचा तुकडा परत बागेच्या कडेला नीट लावला आणि खिडकीशी गेले.

“बाई, नाही घेत ना? मग तसं लिहून द्या.”

“त्रुटी म्हणून शिक्का मारते की नेहमीसारखा.”

“नुसता शिक्का नको. काय त्रुटी आहे ते लिहा. दाबून काय लागलं ते लिहा. वजन लिहा.”

“मामा, माझ्यामागे रांग बघा. दोन जणी रजेवर, एक जागा तीन वर्षं रिकामी. इथं मी निबंध लिहीत बसू?”

“चार ओळी.”

“कशाला पण?”

मामांनी रांगेकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. “फरशीवाला आहे तो. पांढरं सिमेंट म्हणत होता. सात महिने आत आहे.”

बाईंनी पाकीट पुन्हा हातात घेतलं. यावेळी त्यांनी ते पत्राशी ताडून पाहिलं नाही. नुसतंच दाबलं. मग काट्यावर ठेवून आकड्याकडे पाहत राहिल्या.

“पाणी ओढलंय,” त्या स्वतःशीच म्हणाल्या. “बावीस ग्रॅम.” मग वर पाहून म्हणाल्या, “हे बघा, मला तपासणीचा अधिकार नाही. पदार्थ काय आहे ते मी मेले तरी लिहिणार नाही.”

“नका लिहू.”

“पण हाताला काय लागलं ते लिहायचा आहे.”

त्यांनी लिहिलं. मागचे शिपाई चुळबुळत होते, एकजण म्हणाला, “बाई, आमची पण पाकिटं म्हातारी व्हायला लागली.” बाईंनी मान वर केली नाही. शिक्का मारून कागद दिला तेव्हा मामांनी तो तिथेच वाचला: सील सुस्थितीत. वजनात बावीस ग्रॅम वाढ. पत्रात वर्णन केलेली बारीक पावडर आढळली नाही; त्याऐवजी दगडासारखा कठीण, अखंड गोळा. सबब नमुना नाकारला.

कोर्टात मिस्त्रीची बायको दाराजवळच्या बाकावर बसली होती. ती दर तारखेला तिथेच बसायची. मामांना पाहून उभी राहिली.

“घेतलं का हो मामा?”

“नाही घेतलं.”

ती परत बसली. “मग आता?”

“बघू,” मामा म्हणाले. त्यांना स्वतःलाच काही दिसत नव्हतं.

पुकारा झाला. मिस्त्रीला आणून पिंजऱ्यात उभं केलं. सरकारी वकिलांनी मामांच्या हातातला कागद घाईने चाळला आणि कपाळाला हात लावला. “परत नाकारला? काय चाललंय काय तुमच्या ठाण्याचं?” मग ते न्यायाधीशांकडे वळून म्हणाले, “त्रुटीमुळे नमुना जमा होऊ शकला नाही. मुदत मिळावी.”

“कुठली त्रुटी?”

“वर्णनाची, सर.”

“वाचा.”

वकिलांनी वाचलं. अर्ध्यावर त्यांचा आवाज जरा मंदावला. ‘अखंड गोळा’ या शब्दांशी ते थांबले, कारण आत्तापर्यंत त्यांनीही तो कागद नुसता चाळलाच होता.

“पाकीट कुठे आहे?” न्यायाधीशांनी विचारलं.

मामा पुढे गेले. सव्वीस वर्षांत ते इतक्या पुढे कधी आले नव्हते. पाकीट त्यांनी टेबलावर ठेवलं.

टक् असा आवाज झाला.

न्यायाधीशांनी चष्मा काढला. पाकीट बोटभर उचललं आणि पुन्हा टेबलावर ठेवलं. टक्. लेखनिकाचे हात थांबले.

“हे हातात घेतलं होतं का कोणी? गेल्या सात महिन्यांत?”

सरकारी वकील मामांकडे वळले.

“मी, सर,” मामा म्हणाले. “चार वेळा.”

“आधी कसं होतं?”

“पिठासारखं, सर. मग रव्यासारखं.”

“मग सांगितलं का नाही?”

मामांना सांगायचं होतं ते फार होतं: हुद्दा, क्रमांक, पासवर्ड, यंत्र, खोकी. आणि त्या सगळ्याच्या खाली, आपल्याला कोणी विचारलं नाही हे. “चुकलं, सर,” ते म्हणाले.

न्यायाधीशांनी मिस्त्रीकडे पाहिलं. “तुम्हाला काही सांगायचंय?”

मिस्त्री पाकिटाकडे पाहत होता. तो चिडेल, रडेल असं मामांना वाटलं. तो हळूच म्हणाला, “ह्याला हवा लागू द्यायची नसते, साहेब. पिशवीचं तोंड घट्ट बांधून कोरड्यात ठेवायचं.” मग म्हणाला, “चांगल्यातलं होतं. आता वायाच गेलं.”

एवढं होऊनही न्यायाधीशांना जामीन देता येईना. कायद्याने त्यांचे हात बांधलेले होते; टक् हा आवाज म्हणजे अहवाल नव्हे. ते दोन मिनिटं पुस्तक चाळत राहिले, मग ते जरा जोरातच मिटलं. नमुना आहे त्या अवस्थेत, कोणतीही त्रुटी न काढता प्रयोगशाळेने आजच स्वीकारावा. तीन दिवसांत तपासावा. अहवाल शुक्रवारी सकाळी. तोवर आरोपी आहे तिथेच.

बाहेर मिस्त्रीच्या बायकोने मामांची बाही धरली. “म्हणजे आज नाही?”

“शुक्रवारी.”

“नक्की ना हो?”

मामांनी आजवर कोणालाच नक्की असं म्हटलं नव्हतं. “लिहिलंय तसं,” ते म्हणाले. तिने मान हलवली. गाडीच्या जाळीतून मिस्त्रीने तिला विचारलं, “शेठनी दुसरा माणूस लावला का गं त्या कामावर?” ती म्हणाली, “केव्हाच.” गाडी गेली.

साहेबांचा फोन वाजत होता. कोर्टापर्यंत ही बातमी पोचवणारा कोण, हे आता ठाण्यात विचारलं जाणार होतं. मामांनी फोन खिशात वाजू दिला आणि बस पकडली. प्रयोगशाळेची खिडकी साडेचारला बंद व्हायची. चार वाजायला दहा मिनिटं होती. खिडकीशेजारची जागा मिळाली, पण बाहेरून दमट वारा आत येत होता. मामा उठून मधल्या जागेवर बसले. पिशवीतून त्यांनी डब्याची रिकामी प्लॅस्टिकची पिशवी काढली, रुमालाने आतून कोरडी केली, पाकीट तिच्यात घातलं आणि तोंडाला घट्ट गाठ मारली.

आता हवा लागली असती तरी काही फरक पडणार नव्हता. तरी त्यांनी दुसरी गाठ मारली आणि पाकीट मांडीवर धरून ठेवलं.