रजिस्टरात नसलेलं नाव

रानीखेतला पलटणीच्या लढाईदिनी मृतांची हजेरी होते. सुभेदार नाव पुकारतो आणि त्या मृताच्या गावाकडचा एखादा जवान ‘हाजिर!’ ओरडून त्याची जागा भरतो. कोण कुणासाठी ओरडणार, हे आठवडाभर आधीच ठरलेलं असतं. रजिस्टरात नाव चढायला मात्र मरताना पाहिलेल्या साथीदाराची साक्ष लागते. ती नसेल तर माणूस बेपत्ता.

सुभेदार खीम सिंह मेहराची ही शेवटची हजेरी होती. महिनाअखेर तो कायमचा घरी जाणार होता. बावीस वर्षांपूर्वी बर्फात प्रताप सिंह बोराने त्याच्याच मांडीवर प्राण सोडला, पण परत आल्यावर त्याने साक्ष दिलीच नव्हती. प्रतापच्या बायकोला, देबुलीला, तेव्हा आठवा महिना होता. बाळंतपण होऊ दे, मग सांगू, म्हणत त्याने ‘बेपत्ता’ सांगून टाकलं. पुढे मुलगी झाली, चालायला लागली, तिचं लग्नही झालं, तरी याची जीभ काही रेटेना. गोळ्यांना न भ्यालेला हा गडी देबुलीच्या नाकातल्या सौभाग्याच्या नथीला भीत होता. भित्रेपणाच तो, दुसरं काय म्हणायचं! आणि आज तो बोलला नाही, तर बोलणारं दुसरं कुणी उरलंच नव्हतं.

सकाळी चहाच्या तंबूत देबुली भेटली. बेपत्तांच्या घरच्यांनाही पलटण दरवर्षी बोलावते.

“काय रे खीमू, पोट सुटलंय चांगलं. आज आवाज निघेल ना?”

“निघेल, भौजी,” तो कपात बघत म्हणाला. वहिनीला तो भौजीच म्हणायचा.

रजिस्टरातली सगळी नावं झाली. प्रत्येकाची जागा भरली गेली. खीम सिंहाने रजिस्टर मिटलं आणि ओरडला, “लान्स नायक प्रताप सिंह बोरा! साक्षीदार, सुभेदार खीम सिंह!”

रांगा गप्प. या नावाला ओरडायला कुणाला नेमलंच नव्हतं. जन्मभर हजेरी घेणाऱ्या माणसाच्या हे ध्यानातच आलं नव्हतं. पुकारणाऱ्याने स्वतः उत्तर द्यायचं नाही, असा नियम. कर्नलसाहेब वळून बघायला लागले.

“हाजिर!”

आवाज मागच्या खुर्च्यांमधून आला. देबुली उभी होती. आजवर तिथे एकाही बाईने उत्तर दिलं नव्हतं.

संचलन सुटल्यावर तो तिच्यापुढे जाऊन उभा राहिला. नथ काढून तिने रुमालात बांधली होती.

“भौजी, मी...”

“गप. दर दिवाळीला घरी येऊन खाली मान घालून चहा प्यायचास. मला काय दिसत नव्हतं?”

“मग विचारलं का नाही तुम्ही?”

“विचारलं असतं तर सांगितलं असतंस.”

तिने शेजारची खुर्ची ओढली.

“बस. आता विचारते. थंडी वाजत होती का रे त्यांना?”

खीम सिंहाने मान वर केली.

“वाजत होती, भौजी. माझा कोट घातला होता, तरी वाजत होती.”