पाठीची उडालेली खपली

मी एक जुनी पोलादी प्लेट आहे. चौकोनी, जाडीला अंगठ्याएवढी. माझ्या तोंडावर एक खोल खड्डा आहे आणि त्याचं कौतुक मी पोटभर ऐकलं आहे. पाठीबद्दल मात्र कुणी चौकशी करत नाही. म्हणून मित्रांनो, आज तेच सांगते.

माझा जन्म भट्टीतला. लालभडक होते तेव्हा मला जड रोलरांखाली लाटलं. मग त्या मोठ्या पत्र्यातून मी आणि माझी बहीण अशा दोघी शेजारी-शेजारी कापल्या गेलो. वाटलं होतं, एखाद्या पुलाला लागू, नाहीतर जहाजाला. कसलं काय! आमची रवानगी झाली एका प्रयोगशाळेत, आणि तिथं आमचं काम एकच, गोळी खायची.

तिथं हवेच्या दाबावर चालणारी एक लांबलचक बंदूक होती. तिच्यासमोर प्लेट घट्ट आवळायची, सगळ्यांनी भिंतीपलीकडे जायचं आणि गोळी सोडायची. भोक पडलं तर प्लेट नापास, नाही पडलं तर पास. नियम एवढाच. जमिनीत पुरलेले जुने सुरुंग काढणारी एक गाडी तेव्हा बनत होती. सुरुंग फुटला तर त्याचे तुकडे गोळीसारखे येणार, म्हणून तिच्या केबिनला आमच्यासारख्याच प्लेटा लागणार होत्या आणि त्यांच्यामागे एक ड्रायव्हर बसणार होता.

माझी पाळी आली. आवाज कळायच्या आतच गोळी अंगात शिरली होती. निम्म्यापर्यंत आली आणि अडकली. भोक नाही! मोठ्या साहेबांनी टाळ्या वाजवल्या, चहा मागवला. तो ड्रायव्हरही बघायला आला होता. मला थोपटून म्हणाला, आता घरी बायकोला शांत झोप लागेल. मीही फुगले, खोटं कशाला सांगू?

संशोधन करणाऱ्या मॅडम तेवढ्या चहाला गेल्या नाहीत. त्यांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि बोट कापून घेतलं. गोळी थांबली होती खरी, पण तिचा धक्का माझ्या अंगातून पलीकडे गेला होता आणि पाठीची एक खपली उडाली होती. ती मागच्या लाकडी पेटीत रुतून बसली होती. मॅडमनी ती पकडीने उपसली आणि साहेबांपुढे ठेवली. साहेब म्हणाले, नियमात भोक आहे, खपली नाही. केबिनचं काम सुरू व्हायची वेळ आली, आता उगाच फाटे फोडू नका.

मॅडमनी वाद घातला नाही. त्यांनी ड्रायव्हरला त्याच्या जुन्या गाडीतली सीट काढून आणायला सांगितलं. ती माझ्या बहिणीच्या मागे, केबिनमध्ये असेल तेवढ्याच अंतरावर ठेवली, आणि त्याच वेगाने दुसरी गोळी सोडली. बहिणीलाही भोक पडलं नाही. सीटला मात्र पडलं होतं. आतला स्पंज बाहेर लोंबत होता.

ड्रायव्हरने त्या भोकात दोन बोटं घातली. मग तोच हात स्वतःच्या छातीपाशी नेऊन उंची जुळवून पाहिली.

"साहेब, इथे मी बसतो," तो म्हणाला.

"काम थांबवा," साहेब म्हणाले. "या प्लेटा नापास."

मला वाईट वाटलं. एवढ्या टाळ्या वाजवून घेतल्या आणि नापास! पण पुढे त्या केबिनला आतून तुकडे झेलणारं जाड अस्तर बसलं, आणि प्रत्येक प्लेटची पाठही तपासायची असा नियम झाला. बहीण भंगारात गेली. मला मॅडमनी दारापाशी टांगलं, तोंड भिंतीकडे आणि फाटलेली पाठ लोकांकडे करून.

मॅडम कधीच निवृत्त झाल्या. आता नवे लोक येतात, मी चुकून उलटी टांगली गेले असं समजून मला सरळ करतात आणि खड्डा बघून म्हणतात, काय मजबूत आहे! अधूनमधून तो ड्रायव्हर येतो. कुणाला काही न सांगता मला पुन्हा फिरवतो आणि जातो. त्याचे केस आता पार पांढरे झालेत. मित्रांनो, तो यायचा थांबला, की तेवढं काम तुम्ही करा.