चढणीवरचा घोडा

आत्याच्या दुकानाच्या दारावर 'अधिकृत विक्रेते' अशी पितळी पाटी होती. ती होती म्हणून कंपनी आम्हाला सिगार देत होती. पाटी गेली की माल बंद, माल बंद की दुकान बंद, आणि दुकान बंद झालं की आत्या घरी बसणार. हे घरातल्या कुणालाच परवडणारं नव्हतं. आत्या रिकामी असली की दुसऱ्यांची कपाटं आवरते.

दुकान मूळचं आतोबांचं. ते सिगार ओढून नव्हे, जिन्यावरून पडून गेले, हे आत्या प्रत्येक नव्या गिऱ्हाइकाला सांगते, जाहिरात म्हणून. तिने स्वतः एकही सिगार ओढलेला नाही. पण सिगार सुकू नयेत म्हणून कपाटात ओला स्पंज ठेवणं, हवेतला दमटपणा बघणं, खोके खालीवर करणं हे सगळं ती बावीस वर्षं करतेय. "या कपाटाइतकं औषधपाणी मी सासूचंही केलं नाही," असं ती म्हणते. सासूबाईही तेच म्हणायच्या.

मी तिचा भाचा. वय सत्तावीस, दोन कोर्स अर्धे. मला भिंतीत खिळासुद्धा सरळ ठोकता येत नाही असं आत्याचं मत आहे. मत कसलं, भिंतच साक्षीला आहे.

रस्त्याच्या पलीकडे समोरचा. त्याला नाव असणार, पण आम्ही समोरचा म्हणतो. तो नकली घड्याळं, नकली पर्स, नकली अत्तरं विकतो, आणि दोन वर्षांपासून आमच्याच कंपनीचे नकली सिगार, आमच्या किमतीच्या पाचव्या हिश्श्यात. माणूस मात्र अस्सल. आत्याचा गुडघा दुखला तर रस्ता ओलांडून विचारायला येतो.

कंपनीने त्याच्यासारख्यांना हरवायला खोक्यावर चकचकीत शिक्का लावला. आठ दिवसांत समोरच्याकडे तो शिक्का आला, आणि आमच्यापेक्षा जास्त चकचकीत आला. लोक आमचा शिक्का बघून म्हणायला लागले, हा जरा मळकट वाटतो. शेवटी कंपनीनेच शिक्का काढून टाकला. मग समोरच्यानेही काढला. तो नियम पाळतो.

खरी भानगड पट्ट्याची झाली. सिगारच्या कमरेला एक कागदी पट्टा असतो. आमच्या कंपनीच्या पट्ट्यावर घोडा आहे. कारखान्यात हे पट्टे बायका हाताने डिंक लावून चिकटवतात, त्यामुळे कुठे घोडा चढण चढत असतो, कुठे उतारावरून घसरत असतो. समोरच्याकडे हे काम मशीन करतं. त्याचा घोडा नेहमी सपाट जमिनीवर, फोटोला उभा राहिल्यासारखा.

आमचे दाताचे डॉक्टर म्हणजे वीस वर्षांचं गिऱ्हाईक. एका दुपारी ते खोका परत घेऊन आले.

"बाई, हे नकली आहेत."

"डॉक्टर, कंपनीचं सील तुमच्यासमोर फोडलं."

"सील कोणीही करतं. घोडा बघा. एकाचा घोडा दुसऱ्याच्या घोड्याला ओळख देत नाही. मी पलीकडून घेतले तर सगळे एका रांगेत होते."

"पलीकडचे नकली आहेत."

"असतील. पण व्यवस्थित आहेत."

त्या महिन्यात असे तीन खोके परत आले. आत्या चिडली नाही. चिडायलाही अंगात काही लागतं. ती स्टुलावर बसली, चष्मा वर केला आणि म्हणाली, "सगळं आयुष्य खरं विकलं रे. आता खरं दिसतही नाही."

दुसऱ्या दिवशी तिने दुकानात उघडे असलेले, पंचवीस-पंचवीसचे अकरा खोके काउंटरवर मांडले. वाटीत कोमट पाणी, बशीत डिंक, हातात तिची शिवणाची पट्टी. ओला स्पंज लावून एकेक पट्टा सोडवायचा आणि मोजून सरळ चिकटवायचा. दोनशे चौऱ्याहत्तर घोडे. एक डॉक्टरांनी ओढला होता.

मी पहिले चार लावले. आत्याने ते हातात घेतले, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा सिगारकडे पाहिलं.

"तू स्पंजच धर बाबा."

तीन दुपारी लागल्या. खोके उघडले की घोडदळ उभं असल्यासारखं दिसायचं. डॉक्टर आले, बघून म्हणाले, "हां, आता कसं," आणि दोन खोके घेऊन गेले. मला आत्याचा अभिमान वाटला. फसवणूक तर नव्हती. माल खरा, पट्टा खरा, फक्त आवरलेला.

सोमवारी कंपनीचा तपासनीस आला.

पन्नाशीचा माणूस, हातात भिंग, खांद्याला बॅग, आणि चेहरा असा की सकाळपासून सात दुकानांत त्याला कुणी पाणी विचारलं नसावं. आत्याने विचारलं. तो प्यायला, बसला आणि पहिला खोका उघडला. दुसरा उघडला. मग भिंग खाली ठेवलं, कारण त्याची गरजच नव्हती.

"काकू," तो म्हणाला, "तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती."

"काय झालं?"

"घोडे सरळ आहेत."

"मग?"

"आमचे घोडे सरळ नसतात."

आत्याने त्याला सगळं सांगितलं. स्पंज दाखवला, बशी दाखवली, शिवणाची पट्टी दाखवली. मी साक्ष दिली. तपासनीसाने शांतपणे ऐकलं आणि फॉर्म आमच्याकडे वळवला. त्यावर दोन चौकटी होत्या, असली आणि नकली.

"यात 'आवरलेले' कुठे लिहू?" त्याने विचारलं. टोमणा नव्हता, खरंच विचारत होता.

"मग एक ओढून बघा," आत्या म्हणाली. "ओढल्यावर तरी कळेल."

"गेल्या वर्षीपासून मला वास येत नाही. चवही नाही. एकदा सर्दी झाली आणि जाताना सगळं घेऊन गेली."

"कंपनीला माहीत आहे?"

"कंपनीने कधी विचारलं नाही. घोडे बघायला नाक लागत नाही."

आत्याने एक सिगार उचलला, कानाशी धरून बोटांनी हलकेच दाबला. "हा ऐका. खरा पाला असा बोलतो. समोरच्याचा बोलत नाही, मुकाट दबतो."

तपासनीसाने कान पुढे केला. बराच वेळ ऐकलं.

"बोलतो," तो म्हणाला. "पण कानासाठीही चौकट नाही, काकू."

त्याने 'नकली'वर खूण केली आणि बॅगेतून स्क्रूड्रायव्हर काढला. पाटीचे स्क्रू गंजले होते. दोनदा हात घसरला, तेव्हा आत्याने आतून मशीनचं तेल आणून दिलं. पाटी निघाली. दारावर तेवढ्याच मापाचा रंग नवाकोरा निघाला.

"पंधरा दिवसांत फेरतपासणीचा अर्ज करता येतो," जाताना तो म्हणाला. "मीच येतो. दुसरं कोणी नाहीच."

तो कोपऱ्यावर वळेपर्यंत समोरचा रस्ता ओलांडून आला होता. आधी गुडघ्याची चौकशी केली. पाटीच्या जागेकडे बघून हळहळला. मग आवाज उतरवून म्हणाला, "आत्या, आपण शेजारी. एक विचारू? इतका चांगला नकली माल तुम्हाला देतो कोण?"

"तो असली आहे रे."

"मीही तसंच सांगतो, आत्या. पण तुमचा घोडा बघितला. इतका सरळ माझ्या मशीनलाही नाही जमत. सगळा उचलतो, भाव तुम्ही सांगा."

आत्या त्याच्याकडे बघत राहिली. वाटलं, आता हो म्हणते. तसं केलं असतं तर आमचे खरे सिगार नकली म्हणून त्याच्याकडे गेले असते, आणि डॉक्टरांना ते पाचव्या हिश्श्यात मिळाले असते, म्हणजे सगळ्यांचंच भलं होतं, आमचं सोडून.

"नाही विकायचे," ती म्हणाली. "उद्या ये. गुडघ्याला तुझ्याकडचं ते मलम आण. असली असेल तर."

"मलम असलीच आहे," तो दुखावून म्हणाला.

तो गेल्यावर आत्याने खोके पुन्हा काउंटरवर घेतले. कोमट पाणी, डिंक, स्पंज. एक पट्टा सोडवला, वाकडा लावला. दुसरा लावला, तिसरा लावला. दहा झाल्यावर तिने ते ओळीत ठेवले आणि आम्ही दोघं बघत बसलो. दहाही घोडे चढण चढत होते. एकाच चढणीवर, एका मापाने.

"हे त्याहून वाईट दिसतंय," मी म्हणालो.

"दिसतंय ना." तिने चष्मा काढून डोळे चोळले. "बावीस वर्षं हाताला वळण लावलं, आता ते सुटत नाही." मग डिंकाची बशी माझ्यापुढे सरकवली. "तू लाव. तुझ्या हातून आजवर काही सरळ झालंय का?"

एवढा विश्वास माझ्यावर घरात कुणी कधी टाकला नव्हता. मी हात पुसले, पट्टा घेतला, डिंक लावला. तिच्या पाटीचा विचार करत, श्वास धरून, अगदी काळजीपूर्वक चिकटवला.

आत्याने सिगार उजेडात धरला. घोडा सपाट जमिनीवर चारही पाय टेकून उभा होता.

तिने स्पंज पाण्यात बुडवला, पिळला आणि तो पट्टा सोडवायला घेतला.