आधी पॅड, मग ग्लोव्हज

ठिणगी हे नाव तिला शाळेने दिलं होतं, आणि नावाला जागायचं काम ती मनापासून करायची. शेवटच्या भडक्यात वर्गातल्या मॉनिटरचं नाक फुटलं आणि प्रकरण कोर्टात गेलं. कोर्टाने तीन महिन्यांची मुदत दिली. रोज बॉक्सिंग शिकायला जायचं, तिथल्या हॉलच्या आत किंवा बाहेर कुणावरही रागाने हात उगारायचा नाही. उगारलास तर दोन वर्षं सुधारगृह. मारकुट्या पोरीला औषध म्हणून बॉक्सिंग लिहून देणाऱ्याचं डोकं तपासावं, असं तिच्या आईचं मत होतं. पण कोर्टाला सांगणार कोण?

शिकवणारी मावशी दिवसा लिफ्ट दुरुस्त करायची. "अडकलेल्यांना बाहेर काढायचं. दोन्हीकडे काम तेच," ती म्हणायची. पहिल्याच दिवशी तिने ठिणगीच्या हातात ग्लोव्हजऐवजी जाडजूड पॅड दिले.

"इथे आधी झेलायचं. दुसरी मारेल, तू मोठ्याने मोजायचं आणि तिची चूक सांगायची."

"आणि मी कधी मारू?"

"न चिडता चूक सांगता आली की."

अडीच महिने झाले, ठिणगीचे ग्लोव्हज खुंटीवरच. अशात एके दिवशी कोर्टाचे साहेब अहवाल लिहायला आले, आणि नेमकी त्याच दिवशी हॉलमध्ये नवी मुलगी दाखल झाली. मॉनिटर! नाक जरा वाकडंच जुळलं होतं.

"तू कशाला आलीस?"

"शिकायला. पुढच्या वेळी फुटणारं नाक माझं नसेल."

"मावशी, हिच्यासाठी मी पॅड धरणार नाही."

"नको धरू. साहेब तेवढंच लिहितील."

ठिणगीने दातओठ खात पॅड वर केले. "एक. दोन. कोपर आत घे. तीन."

चौथा ठोसा पॅडवरून घसरला तो थेट ठिणगीच्या नाकावर. चुकून की ठरवून, ते मारणारीलाच ठाऊक. फरशीवर रक्ताचा थेंब पडला. साहेबांनी पेनाचं टोपण काढलं. मॉनिटर दोन पावलं मागे सरली.

ठिणगीच्या मुठी पॅडच्या आत वळल्या. ती एक पाऊल पुढे आली. मावशी जागची हलली नाही.

ठिणगीने दंडाला नाक पुसलं.

"मारताना डोळे मिटतेस तू." आवाज थरथरत होता, शब्द मात्र सरळ होते. "म्हणून नेम चुकतो. डोळे उघडे ठेव. पुन्हा पहिल्यापासून."

"म्हणजे... फिट्टंफाट?"

"ते नंतर बघू. एक!"

साहेबांनी मावशीला हळूच विचारलं, "काय लिहू?"

"दिसलं ते. सवय नसेल तर सावकाश लिहा."

फेरी संपली. मावशीने खुंटीवरचे ग्लोव्हज काढून ठिणगीपुढे धरले. अडीच महिने ती त्यांच्याकडे उपाशी माणसासारखी बघत आली होती.

"थांब गं मावशी," नाकात कापूस कोंबत ती म्हणाली, "हिचा उजवा हात अजून कच्चा आहे."

आणि तिने पुन्हा पॅड चढवले.