पिशवी धरून उभी

मालुबाईच्या सुनेनं परदेशातला निम्मा संसार रस्त्यावरून गोळा करून आणला होता, हे बेळगावच्या अनगोळमध्ये कुणाला सांगायची सोय नव्हती. लोक हसले असते. मुलगा विक्रम ऑस्ट्रियात ग्राझ नावाच्या शहरात इंजिनिअर, पगार युरोत, आणि घरातलं जेवायचं टेबल, दोन खुर्च्या, बाळाचा पाळणा, इडलीचं पीठ आंबवायचं पातेलं, सगळं फुटपाथवरचं.

तिकडची रीतच तशी. नको झालेली वस्तू लोक पुसूनधुऊन खोक्यात घालतात नि कोपऱ्यावर ठेवतात. खोक्यावर चिठ्ठी असते, हवं त्यानं न्यावं. सुनेच्या, पूर्णिमाच्या, बाळंतपणाला मालुबाई तीन महिने तिकडं जाऊन राहिली, तेव्हा तिनं हे पहिल्यांदा पाहिलं.

"तिकटीवरचं उचलून आणलंस?"

"आत्ती, तो उतारा न्हवं. इथं असंच देतात. फुकट."

"फुकट तर उताराबी असतोय की गं."

पूर्णिमा संकेश्वरची, बी.ई. झालेली. टाके दुखतात म्हणून ती पोट धरून हसली. मालुबाईला हसू आलं नाही. तिचं लहानपण गुंजीला गेलं. स्टेशनाकडं जाताना तीन वाटा जिथं मिळत, तिथं अवसेला दहीभात, लिंबू, हिरव्या बांगड्या ठेवलेल्या असत. कुणाच्या तरी घरातली पीडा उतरवून तिथं टाकलेली. पोरं वळसा घालून जात. एकदा बरोबरीच्या मंगलनं त्यातली बांगडी उचलून हातात घातली. संध्याकाळपासून ती तिकटीकडं तोंड करून बसली, बोलेना की जेवेना. तिसऱ्या दिवशी तिच्या आजीनं बांगडी जिथल्या तिथं नेऊन ठेवली, तेव्हा पोर बोलती झाली. पण पुढं म्हातारी होईपर्यंत मंगल बोलता बोलता मधेच थांबायची आणि मागं बघायची.

ग्राझमध्ये असलं काही नव्हतं. तिथं भिऊन राहावं असं होतं ते म्हणजे शांतता. रविवारी दुकानं बंद, रस्ते बंद, माणसंही बंद. दुपारी मिक्सर लावला तर खालच्या मजल्यावरची बाई काठीनं छत ठोकायची. त्यामुळं शनिवारी सगळ्या गावाची धांदल. मोठ्या दुकानात ढकलगाडीत नाणं घालायचं, मग ती साखळीतून सुटणार. भाजी आपणच तोलून तिला किमतीची चिठ्ठी चिकटवायची. आणि पैसे घेणारी मुलगी सामान असं भराभर पुढं सारायची, की मालुबाई दोन्ही हातांनी ते पदरात ओढत राहायची.

"जरा दम खा म्हणावं तिला. लगीनघाई हाय का?"

"आत्ती, हळू. तिला कळत न्हाई म्हणून काय झालं?"

परत यायला चार दिवस राहिले असताना कोपऱ्यावर एक पिशवी दिसली. दोन चाकांची, लांब दांड्याची, तिथल्या म्हाताऱ्या बायका बाजाराला ओढत नेतात तशी. कापड निळ्या चौकटीचं, नव्यासारखं. सांगाडा मात्र जुना, रंग उडालेला. पहिल्या मजल्यावरची एक बाई वारली होती, तिचं घर रिकामं करून सामान बाहेर काढलं होतं. मालुबाईचा गुडघा दुखायचा. बेळगावच्या बाजारात अशी पिशवी किती कामाची! ती खोक्यापुढून दोनदा गेली, तिसऱ्यांदा तिनं दांड्याला हात घातला.

"अगंबाई, आत्ती! तिकटीवरचं?" पूर्णिमानं डाव साधला.

"गप्प बस. देशाबाहेर देवबी डोळं झाकतोय."

पिशवीच्या आतल्या कप्प्यात घडी घातलेला कागद निघाला. पूर्णिमानं वाचून दाखवला. दूध. पाव. बटाटे दोन किलो. मेणबत्त्या. सगळ्यावर काट मारलेली. शेवटची ओळ तेवढी तशीच होती. अ‍ॅनीला घेऊन येणे.

"अ‍ॅनी कोण?"

"असंल नात-बित. शाळेतनं आणायची असंल." पूर्णिमानं कागद टाकून दिला आणि पिशवी दुमडून मोठ्या बॅगेत कोंबली.

अनगोळच्या घरी मालुबाई एकटीच. जोतिबा, तिचा नवरा, जाऊन सहा वर्षं झालेली. परत आल्यावर पहिल्याच शनिवारी ती चाकांची पिशवी घेऊन गणपत गल्लीत गेली. तीस वर्षं शालूबाईकडचीच भाजी घेत आलेली. शालूबाईनं वांगी तोलता तोलता विचारलं, "नात व्हय वो?"

"कंची नात?"

"ही काय, पिशवी धरून हुभारलीया. गोरीपान, मक्याच्या कणसागत केस. विक्रमची? एवढी मोठी कवा झाली म्हणायची?"

मालुबाईनं मागं पाहिलं. पिशवी होती. तिच्या पलीकडं लिंबंवाला आणि एक गाय. आणखी कुणी नव्हतं.

"चेष्टा करतीस व्हय गं म्हातारीची?"

"गिऱ्हाइकाची चेष्टा करून मी काय खाऊ?" शालूबाई म्हणाली. मग तिनं एक गाजर पुढं केलं, मालुबाईच्या कमरेएवढ्या उंचीवर, जिथं काहीच नव्हतं. "घे गं बाळ. लाजतीया. दोनी हातानं दांडा धरलाय बघा, सोडंना." आणि तिनं गाजर पिशवीत टाकलं.

मालुबाईनं वांग्यांचे पैसे दिले. तिनं रिक्षा केली. खूप वेळ आरशात बघत रिक्षावाला कानडीत म्हणाला, "अज्जी, कूसिन्न हिडकोरी." आजी, पोरीला धरा. पोर बाहेर वाकत होती म्हणे.

त्या दिवसापासून मालुबाईनं पिशवी दाराआड ठेवली आणि दोन शनिवार बाजाराला गेलीच नाही. तिसऱ्या शनिवारी भाजी संपली. हातात साधी कापडी पिशवी घेऊन निघाली, तर दाराआड चाकं हलली. एवढीशीच, करकर. कुणी वाट बघून कंटाळल्यावर पाय घासावेत, तशी. मालुबाई उंबऱ्यात बराच वेळ उभी राहिली. मग मागं वळली आणि दांडा हातात घेतला. मे महिना होता, भिंती तापलेल्या होत्या, आणि दांडा बर्फासारखा गार.

माणसाला कशाचीही सवय होते. पावसाळा निम्मा सरेपर्यंत ती पिशवीशी बोलायला लागली होती. "चल गं बाई, आज गवारी आणू." दांड्याजवळ बशीत बिस्कीट ठेवी. बिस्कीट तसंच राही, पण त्याला कधी मुंग्या लागत नसत. बाजारात कुणी चॉकलेट पुढं केलं, कुणी नाव विचारलं, तर मालुबाई सांगे, "अ‍ॅनी." हे नाव तिच्या तोंडून पहिल्यांदा निघालं, तेव्हा शालूबाई रिकाम्या जागेकडं बघून म्हणाली, "हसली बघा! नाव काढल्यावर हसली."

खरी नात, माधवी, फोनवर दिसायची. दर रविवारी, इकडं दुपारचे साडेतीन, तिकडं सकाळ. दोन महिन्यांची असताना मालुबाई तिला मांडीवरून उतरवून आली होती. आता दहा महिन्यांची झाली होती, दात आले होते. डिसेंबरात ती तिघं पहिल्यांदाच येणार होती, महिनाभर. मालुबाईनं गोधडी शिवली, वेखंड आणून ठेवलं, घरभर ओलं पुसणं बंद केलं, पोर रांगताना घसरेल म्हणून. मग एका रविवारी तिला वाटलं, लपवून कसं चालेल? घरात तान्हं येणार. तिनं सुनेला सगळं सांगितलं.

पूर्णिमा हसली नाही. पुढच्या रविवारी तिचा चेहराच उतरलेला होता.

"आत्ती, मी खालच्या बाईला विचारलं. ती पन्नास वर्षं ऱ्हातीया इथं. ती वारलेली बाई हाय न्हवं, तिची एकच मुलगी होती. अ‍ॅनी. पाच वर्षांची. बर्फाचे दिवस होते. आईनं तिला बेकरीबाहेर उभं केलं, पिशवी हातात दिली नि सांगितलं, मी येस्तोवर सोडायची न्हाई. पाव घेऊन बाहेर आली, तर पिशवी उभी. पोरगी न्हाई."

"कुठं गेली?"

"सापडलीच न्हाई. कोण म्हणतं नदीत पडली, कोण म्हणतं कुणी नेली. बाईनं पिशवीचं कापड चारदा बदललं, पण सांगाडा टाकला न्हाई. दर शनिवारी यादीत पोरीचं नाव लिहायची म्हणे."

मागून विक्रमचा आवाज आला. "आई, टाक की ती. ऑनलाइन नवी मागवतो. लई मोठी गोष्ट हाय का?"

"तुम्ही थांबा हो," पूर्णिमा म्हणाली. मग फोन तोंडाजवळ धरून ती हळू बोलली, "आत्ती, माझं ऐका. ती पिशवी घरात असली, तर मी माधवीला घेऊन संकेश्वरलाच उतरणार. तुमचा उंबरा ओलांडणार न्हाई. राग माना, काय बी करा."

मालुबाईला राग आला नाही. आईनं असंच बोलावं. तिनं नारळ, लिंबू, हळदकुंकू घेतलं आणि गुरुवारी सकाळी दहाच्या उन्हात पिशवी ओढत तिकटीवर गेली. पिशवी उभी केली. लिंबू कापलं, नारळ ठेवला, हात जोडले. मागं न बघता निघाली. सात-आठ पावलं गेली असेल, तोच पिठाच्या गिरणीतनं डबा घेऊन निघालेली एक बाई ओरडली,

"ओ आजी! पोरीला इसरून चाललाय की! रडाया लागलीया ती!"

मालुबाई जागच्या जागी थिजली. मागं न बघण्याचा नियम होता, आणि तो तिनं साठ वर्षं पाळला होता. पण रडतंय म्हटल्यावर मागं न बघणारी बाई कोण असेल? ती वळली. पिशवी होती, ऊन होतं. ती परत गेली, दांडा धरला. दांड्याला ओल होती.

घरी येऊन ती पायरीवर बसली. पीडा असती तर तिकटीवर राहिली असती, मालुबाईला वाटलं. हे पोर सांगितलेलं ऐकतंय. सोडू नको म्हटलंय म्हणून सोडत नाही. तिला टाकायचं म्हणजे पुन्हा तसंच रस्त्यावर उभं करून जायचं. आणि नाही टाकलं, तर माधवी उंबऱ्याबाहेर. परवा पोहोचणार होती मंडळी.

शुक्रवारी सकाळी मालुबाई पिशवी घेऊन चौकातल्या बेकरीत गेली. बाहेर, शटरच्या खांबापाशी पिशवी उभी केली. आत गेली. एक पाव मागितला. सुट्टे मोजून काउंटरवर ठेवले. बेकरीवाला बाहेर बघत म्हणाला, "थंडीत उगंच पोरीला भाईर ठिवलंय. आत घ्या की."

"आलेच," मालुबाई म्हणाली, आणि पाव घेऊन बाहेर आली.

ग्राझच्या घरासमोर बालवाडी होती. बाराच्या सुमाराला तिथं आया जमायच्या, आणि मालुबाई नातीला खांद्यावर घेऊन खिडकीतून बघायची. प्रत्येकीची एकच तऱ्हा. किंचित वाकायचं, हात पुढं करायचा, पोराचं नाव घ्यायचं, आणि तेच तीन शब्द. दोन महिने रोज ऐकून ते तिच्या कानात बसले होते. अर्थ कुणाला विचारावा लागला नव्हता. चल, घरी जाऊ.

ती वाकली. गुडघ्यात कळ आली. दांड्यापाशी, कमरेएवढ्या उंचीवर तिनं हात पुढं केला.

"कोम, अ‍ॅनी," ती म्हणाली. "गेमा हाइम."

रस्त्यावरून शाळेची बस गेली, एक मोटारसायकल गेली. मालुबाईचा हात तसाच. बेकरीवाला काउंटरमागून बघत होता. मग तिच्या तळहाताला काहीतरी टेकलं, नुसतं टेकलं, परत गेलं. मग एक बोट. मग एकेक करून बाकीची. बर्फाएवढी गार, लहान.

मालुबाईनं मूठ मिटली आणि चालायला लागली. पिशवीला तिनं हात लावला नाही. दहा पावलं गेल्यावर मागं काहीतरी कोसळल्याचा आवाज झाला. सांगाडा, आता कुणी न धरलेला, आपोआप आडवा झाला होता.

शनिवारी सांबऱ्याच्या विमानतळावरून गाडी दारात आली. विक्रम बॅगा काढायला लागला. पूर्णिमा माधवीला कडेवर घेऊन फाटकात थांबली. तिथूनच तिनं दाराआड, खाटेखाली, जिन्याखाली जिथवर नजर पोहोचत होती तिथवर पाहिलं.

"आत्ती, टाकली न्हवं?"

"टाकली."

"खरं?"

"भैरीदेवाची आण. घरात बघ शोधून."

पूर्णिमाच्या खांद्यांवरचं ओझं उतरलेलं दिसलं. डोळ्यांत पाणी आणून ती उंबरा ओलांडून आत आली. "घ्या तुमची नात. विमानात सारखं तुमचंच नाव काढत होतो आम्ही. घ्या."

माधवीनं आजीकडं झेप घेतली. गुबगुबीत पोर, दहा महिन्यांची, अंगात लोकरीचा जाड झगा. मालुबाईनं उजवा हात पुढं केला, तिला छातीशी ओढलं. वजनानं ती एका बाजूला कलली.

"आत्ती, पडंल! दोन्ही हातांनी धरा की!"

"न्हाई पडत," मालुबाई म्हणाली. तिचा डावा हात अंगाच्या कडेला होता, कमरेएवढ्या उंचीवर, मूठ मिटलेला. माधवी आजीच्या खांद्यावरून खाली वाकली, त्या मुठीच्या पलीकडं काहीतरी बघून खुदकन हसली आणि तिनं आपलं बोट तिकडं पुढं केलं.

"धरा ना हो," पूर्णिमा पुन्हा म्हणाली. या वेळी तिचा आवाज बारीक झाला होता.

मालुबाईनं नातीला एका हातानंच आणखी घट्ट धरलं.