पुरे म्हणणारी

चित्रकार सकाळपासून फळी खरवडत होता आणि त्याची बायको मागच्या स्टुलावर तोंडाला कुलूप लावून बसली होती. कुलपाला कारणही तसंच होतं, पण ते या गृहस्थाच्या डोक्यात शिरेल तर शपथ!

त्याच्या कामाची तऱ्हाच जगावेगळी. लाकडी फळीवर एकावर एक तीस रंगांचे थर द्यायचे, महिनाभर वाळू द्यायचे आणि मग धारदार पत्तीने खरवडत सुटायचं. कुठे खालचा निळा डोकावतो, कुठे तांबडा, कुठे नुसती पिवळी रेघ. त्यातून चित्र वर येतं. पण खरवडलेलं परत चिकटवता येत नाही. एक हात जास्त पडला, की सगळी मेहनत मातीत. आणि थांबायचं कुठे, हे त्याला बावीस वर्षांत एकदाही कळलेलं नव्हतं. कळायचं ते तिला. ती मागे काहीबाही शिवत बसायची आणि नेमक्या क्षणी म्हणायची, "पुरे." तो पत्ती खाली ठेवायचा. झालं चित्र.

परवा मुलाखत घ्यायला आलेल्या बाईंनी विचारलं, "थांबायचं कधी, हे कसं कळतं तुम्हाला?" बायको शेजारच्याच खुर्चीत होती. आणि हा शहाणा छाती फुगवून म्हणाला, "हाताला कळतं. आतून." आतून म्हणे! तेव्हापासून तिने त्याच्याशी अबोला धरला होता.

आज चार वाजता प्रदर्शनवाला फळी न्यायला येणार होता. थेट दालनाच्या मधल्या, मानाच्या भिंतीसाठी. अशी संधी उभ्या जन्मात आली नव्हती. पावणेचारच्या सुमाराला खालून असा काही हिरवा वर आला, की चित्रकाराने पत्ती उचलून धरली. थांबावं? की अजून थोडं? मागून आवाज नाही.

"अगं, बघतेयस ना?" तो न वळताच म्हणाला.

"बघतेय."

"मग?"

"मग काय? हाताला विचारा."

आत्ता त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. चुकलो, एवढा एक शब्द पुरला असता. पण जीभ रेटेना. त्याने मनात हिशेब केला, की हिचाही जीव आहे चित्रात, वाया थोडंच जाऊ देईल? टोकाला गेलो की बोलेलच झक मारत. मग काय, हट्टाला पेटून त्याने पत्ती जास्तच दाबली. मागे सुई थांबली. आता बोलेल, आता बोलेल, असं म्हणत तो खरवडतच राहिला. थांबायला तयार नाही.

दारावरची बेल वाजली. तिने उठून दार उघडलं. प्रदर्शनवाला आत आला, फळीसमोर उभा राहिला, मान एकदा इकडे, एकदा तिकडे केली.

"झालंय ना?" त्याने चाचरत विचारलं.

चित्रकाराने फळीकडे पाहिलं. त्याला खरंच सांगता येईना. इतकी लाज त्याला आयुष्यात कधी वाटली नव्हती.

"मला नाही कळत हो," तो म्हणाला. "कधीच कळलं नाही. बावीस वर्षं हीच सांगत आलीय. परवा मी खोटं बोललो." मग तो तिच्याकडे वळला. "तूच सांग. झालं का?"

तिचे डोळे भरून आले होते.

"मघाशीच झालं होतं," ती म्हणाली. "इतकं सुंदर झालं होतं, की शब्द अगदी ओठांवर आला होता माझ्या. गिळला मी."

त्याने फळीवर तो हिरवा शोधला. तिथे नुसतं फिकट लाकूड होतं.

"अगं, मग तोंड उघडायचं ना!" तो कळवळून ओरडला.

"तुम्हीही उघडायचं होतंत," ती म्हणाली. "परवा."